जुन्या सायकलीची ‘कुंडली’ कशी मांडावी?

मलकापूर (जि. कोल्हापूर) : घराच्या माळ्यावर, गोठ्याच्या आढ्याला किंवा भंगारवाल्याच्या काट्याजवळ जुन्या सायकलीचा नुसता सांगाडा अनेकदा आढळतो. चाके नसतात, हँडल नसते, रंगावर रंग चढलेले असतात आणि नावाची पाटी केव्हाच निखळून गेलेली असते. घरातील जाणती माणसे ‘ही विलायती आहे’ एवढेच सांगतात. अशी सायकल पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस अलीकडे वाढली आहे. मात्र बहुतेकांची सुरुवात नवा रंग आणि नवे सुटे भाग यांपासून होते आणि नेमकी तीच चूक ठरते. सांगाडा कोठे घडला, कोणत्या कामासाठी घडला आणि साधारण कोणत्या काळातील आहे, हे ठरविल्याशिवाय त्याला हात लावल्यास ओळखीच्या खुणा पुसल्या जातात. शिवाय न जुळणारे भाग बळजबरीने बसवताना चांगली फ्रेम कायमची निकामी होते.

मलकापूर आणि एकंदर शाहूवाडी तालुक्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या या मुलखात पावसाळा मोठा असतो आणि पडवीत टांगलेले लोखंडही वर्षानुवर्षे ओल खाते. येथून कोल्हापूर–रत्नागिरी रस्त्याने पुढे निघाले की आंबा घाटाची उतरण साखरप्याकडे जाते. आतून गंजलेला किंवा एकदा वाकून सरळ केलेला सांगाडा सपाट रस्त्यावर कदाचित निभावून नेईल. घाटाच्या वळणावर मात्र तो जिवावर बेतू शकतो. म्हणूनच जुन्या सायकलीची ओळख पटविणे हा केवळ संग्राहकांचा शौक नाही.

पाटीवर विसंबू नये

सायकलीच्या पुढच्या उभ्या नळीवरील पाटी हा सर्वांत ठळक, पण सर्वांत फसवा पुरावा होय. पाटी दोन रिव्हेटांवर किंवा स्क्रूंवर बसविलेली असते आणि ती एका सायकलीवरून दुसरीवर सहज जाते. पाटी मूळची असली, तरी तिच्यावरील नाव आणि प्रत्यक्ष कारखाना एकच असेल असे नाही.

ब्रिटिश सायकल उद्योगाचा इतिहास पाहिल्यास याचे कारण उमगते. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने १९३२ मध्ये हंबर, १९४३ मध्ये रज-व्हिटवर्थ आणि १९५७ मध्ये बीएसएचा सायकल विभाग आपल्याकडे घेतला. हर्क्युलस आणि फिलिप्स ही बर्मिंगहॅम परिसरातील नावे ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या समूहाकडे होती. १९६० मध्ये त्याच समूहाने रॅले विकत घेतली आणि ही सारी नावे एका छत्राखाली आली. त्यामुळे साठच्या दशकातील एखाद्या सायकलीवर बीएसएच्या तीन बंदुका असल्या, तरी तिची घडण रॅले पद्धतीची असू शकते.

चेनव्हीलवरील नक्षीचेही तसेच आहे. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्याची आकृती, रजच्या चेनव्हीलमध्ये हाताचा पंजा आणि हंबरच्या चेनव्हीलमध्ये माणसांच्या आकृत्यांचे कडे आढळते. या खुणा देखण्या आणि बोलक्या आहेत. परंतु चेनव्हील हा बदलता येण्याजोगा भाग असल्याने ती केवळ जोडीची साक्ष समजावी. मुख्य साक्ष फ्रेमच्या धातूत असते.

‘विलायती’ म्हणजे बहुधा देशीच

महाराष्ट्रातील घराघरांतून ‘रॅले’, ‘हर्क्युलस’, ‘फिलिप्स’ म्हणून जपलेल्या सायकलींपैकी पुष्कळ सायकली भारतात घडलेल्या आहेत. मद्रासजवळच्या अंबत्तूर येथील टीआय सायकल्स ही कंपनी १९४९ मध्ये मुरुगप्पा समूह आणि ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स यांच्या भागीदारीतून उभी राहिली. तेथून प्रथम हर्क्युलस आणि पुढे फिलिप्स व बीएसए या नावांच्या सायकली निघाल्या. बंगालमधील आसनसोल येथे सेन-रॅलेचा कारखाना होता. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना स्वातंत्र्यापूर्वीपासून चालू होता. हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन्हींचे १९८० मध्ये स्वतंत्र कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले. पुढे दोन्ही उद्योग बंद पडले. सोनीपतची अ‍ॅटलस १९५१ मध्ये आणि लुधियानाची हिरो १९५६ मध्ये सुरू झाली. अ‍ॅटलसच्या साहिबाबाद कारखान्यातील उत्पादनही जून २०२० मध्ये थांबले.

याचा अर्थ असा, की पाटी शिल्लक असल्यास तिच्यावरील मोठ्या अक्षरांइतकीच तळाची बारीक अक्षरेही वाचावीत. गावाचे नाव तेथेच असते. विकणारा ‘अस्सल इंग्लंडची’ म्हणून अवाच्या सवा किंमत सांगत असेल, तर ही बारीक अक्षरे व्यवहाराचा निकाल लावतात. दुसऱ्या बाजूने, देशी ठरलेली फ्रेम कमी प्रतीची मानून भंगारात घालण्याचेही कारण नाही. वरळी आणि आसनसोल येथील कारखाने आता उरलेले नाहीत. त्यांच्या कामाची खूण अशा सांगाड्यांतूनच राहिली आहे.

रोडस्टर की रेसर?

कारखान्याचा शोध घेण्यापूर्वी सायकलीची जात ठरवावी. गावोगाव दिसणारी, उभी बसून चालविण्याची आणि मागे ओझे वाहणारी ती रोडस्टर. वाकड्या हँडलची, वाकून चालविण्याची ती रेसर. हँडल नसले तरी फ्रेमवरून फरक कळतो.

रोडस्टरच्या पुढच्या नळीचा कल जास्त असतो. जमिनीशी तिचा कोन सुमारे ६५ ते ६८ अंश भरतो. रेसरची नळी अधिक उभी, सुमारे ७१ ते ७४ अंशांची असते. रोडस्टरच्या पुढच्या चिमट्याला पुढे मोठा बाक असतो आणि दोन्ही चाकांमधील अंतर लांब असते. रेसरमध्ये मागचे चाक बैठकीच्या नळीला जवळजवळ खेटून बसते.

मागील चाकाचा आस ज्या खाचेत बसतो, त्या पट्टीकडे विशेष लक्ष द्यावे. रोडस्टरला ती दाबून कापलेल्या पत्र्याची, तुलनेने पातळ असते. चांगल्या रेसरला ती जाड, घडीव पोलादाची असते आणि उजव्या पट्टीला खाली गिअर बदलणारी यंत्रणा अडकविण्यासाठी आटे पाडलेले कान असते. अशा पट्टीवर अनेकदा कांपान्योलो, शिमानो, सनटूर किंवा सिम्प्लेक्स असे नाव उठविलेले आढळते. हे नाव पट्टी बनविणाऱ्याचे असते, फ्रेम बनविणाऱ्याचे नव्हे. ‘कांपान्योलो’ वाचून सायकल इटालियन समजणे ही नवख्यांची नेहमीची गल्लत आहे; ब्रिटिश आणि फ्रेंच कारागीरही त्याच पट्ट्या वापरीत.

नळ्यांचे सांधेही पाहावेत. जुन्या पोलादी फ्रेममध्ये नळ्या ‘लग’ नावाच्या बाह्यांत घालून पितळेने जोडलेल्या असतात. लगच्या कडा पातळ घासून, टोके रेखीव काढली असतील तर हातकाम अधिक झाले आहे असे समजावे. कडा जाड, ओबडधोबड आणि पितळ ओघळलेले असेल, तर ती मोठ्या संख्येने काढलेली फ्रेम होय.

खरी ओळख आसाच्या नळीत

पायडलचे क्रँक ज्या आसाला जोडलेले असतात, तो आस एका आखूड आडव्या नळीतून जातो. दुकानातील कारागीर त्या आसाला ‘बीबी एक्सल’ म्हणतात. नळीचा उल्लेख येथे आसाची नळी असा केला आहे. ही नळी बदलता येत नाही आणि तिच्या आट्यांत देशाचा आणि घराण्याचा ठसा असतो. ओळख पटविण्यासाठी एवढा खात्रीचा दुसरा भाग नाही.

प्रथम नळीची रुंदी व्हर्निअर कॅलिपरने मोजावी. नंतर आत रॉकेलने स्वच्छ करून आटे तपासावेत. ढोबळ चित्र असे दिसते :

- ब्रिटिश पद्धत : रुंदी ६८ मिलिमीटर, वाटीचा व्यास १.३७ इंच, दर इंचाला २४ आटे. चेनच्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची.
- रॅलेची स्वतःची पद्धत : रुंदी ७१ किंवा ७६ मिलिमीटर, दर इंचाला २६ आटे. चेनच्या बाजूची वाटी येथेही उलट्या आट्यांची.
- इटालियन पद्धत : रुंदी ७० मिलिमीटर, व्यास ३६ मिलिमीटर, दर इंचाला २४ आटे. दोन्ही वाट्या सरळ आट्यांच्या.
- फ्रेंच पद्धत : रुंदी ६८ मिलिमीटर, व्यास ३५ मिलिमीटर, दोन आट्यांतील अंतर १ मिलिमीटर. दोन्ही वाट्या सरळ आट्यांच्या.

यातील ब्रिटिश आणि रॅले पद्धतींचा घोळ सर्वांत महागात पडतो. दोन्हींचा व्यास जवळजवळ सारखाच आहे. त्यामुळे बाजारात सहज मिळणारी २४ आट्यांची वाटी रॅलेच्या नळीत पहिले एक-दोन फेरे मुकाट फिरते आणि मग अडते. येथे मोठा पाना लावून जोर दिला, की नळीतील आटे सोलले जातात. मग त्या फ्रेमचा इलाज सोपा राहत नाही. म्हणून वाटी हाताने सहज फिरत नसेल तर तेथेच थांबावे.

आटे मोजण्याचे खास माप जवळ नसल्यास साधा उपाय आहे. नळीतून निघालेली जुनी वाटी आणि दुकानातील माहितीची २४ आट्यांची वाटी यांचे आटे एकमेकांत बसवून उजेडाकडे धरावेत. आटे एकसारखे असतील तर मधून उजेड दिसत नाही; नसतील तर काही आट्यांनंतर फट उघडते.

उलट्या आट्यांचा मुद्दाही विसरू नये. ब्रिटिश आणि रॅले फ्रेममध्ये चेनच्या बाजूची वाटी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरविल्यावर सैल होते. हे ठाऊक नसल्याने ती सोडविण्याच्या नादात अधिकच आवळली जाते आणि ‘गंजून धरली आहे’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

नळ्यांची प्रत

बैठकीच्या नळीचा आतील व्यास हा पुढचा पुरावा. तो नळीच्या तोंडाशी मोजू नये, कारण तेथील चीर आवळून-आवळून गोलाई बिघडलेली असते. चिरेच्या खाली मोजावा. साध्या जाड नळीच्या फ्रेममध्ये हा व्यास २५.४ मिलिमीटरच्या आसपास येतो. ब्रिटिश वा इटालियन रेसरमध्ये तो २७.२ मिलिमीटर निघाला, तर बाहेरचा व्यास तोच राहून नळीचे पोलाद पातळ आहे, म्हणजेच फ्रेम हलक्या व उंची नळ्यांची आहे असा अंदाज बांधता येतो. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ मध्ये आणलेली ‘५३१’ ही नळी किंवा इटलीच्या कोलंबस कंपनीच्या नळ्या या वर्गात मोडतात. रेनॉल्ड्सचे चिकटचित्र बैठकीच्या नळीवर आणि चिमट्यावर असे. ते रंगाखाली दबलेले असू शकते.

बाहेरचा व्यासही उपयोगी पडतो. ब्रिटिश आणि इटालियन फ्रेमची बैठकीची नळी २८.६ मिलिमीटर आणि आडवी दांडी २५.४ मिलिमीटर भरते. जुन्या फ्रेंच फ्रेममध्ये हीच मापे २८ आणि २६ मिलिमीटर असतात. अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक रंगाच्या दोन थरांत लपतो. म्हणून मोजण्याच्या जागी तेवढाच रंग काढावा.

काळ कसा ठरवावा?

फ्रेमवरील क्रमांक बैठकीच्या लगवर, आसाच्या नळीखाली किंवा मागील पट्टीवर ठोकलेला असतो. तो जरूर टिपून घ्यावा. मात्र केवळ क्रमांकावरून वर्ष निघेलच असे नाही. अनेक कारखान्यांच्या नोंदवह्या आज उपलब्ध नाहीत आणि क्रमांकांची पद्धतही वेळोवेळी बदलली.

सुट्या भागांवरील तारखा अधिक स्पष्ट असतात. तीन गिअरच्या स्टर्मी-आर्चर हबवर वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि बहुधा महिन्याचा आकडा उठविलेला असतो. कांपान्योलोच्या जुन्या हबच्या चाकीवर ‘कॅम’ अशा रोमन अक्षरांपुढे वर्षाचे दोन आकडे मिळतात. शिमानोच्या भागांवर दोन रोमन अक्षरे असतात. त्यांतील पहिले वर्षाचे असून पहिल्या अक्षराची गणती १९७६ पासून सुरू होते. एकाच भागावर भिस्त ठेवू नये. तीन-चार भागांची वर्षे एकमेकांशी जुळली तरच ती सायकलीची म्हणावीत. एकटाच हब वेगळे वर्ष सांगत असेल तर चाक बदलले गेले आहे.

मागील पट्ट्यांमधील अंतरही काळाचा कल सांगते. एका चाकीच्या सायकलीला ते सुमारे ११० मिलिमीटर, तीन गिअरच्या हबला ११४, पाच चाक्यांच्या रेसरला १२० आणि सहा-सात चाक्यांच्या रेसरला १२६ मिलिमीटर असते. १३० मिलिमीटर आढळल्यास ती बहुधा अलीकडच्या दशकांतील रेसर, किंवा मागाहून रुंदावलेली जुनी फ्रेम समजावी.

महाराष्ट्रापुरता आणखी एक पुरावा आहे : सायकल कराचा बिल्ला. नगरपालिका पूर्वी सायकलींवर वार्षिक कर घेत आणि त्याबद्दल धातूचा छोटा बिल्ला देत. त्यावर नगरपालिकेचे नाव, क्रमांक आणि वर्ष असे. हा बिल्ला सायकल कधी घडली हे सांगत नाही. परंतु त्या वर्षी ती कोणत्या गावात फिरत होती हे निश्चित सांगतो. जुन्या सायकलीचे ते अधिकृत कागदपत्रच म्हणावे लागेल. तो घासूनपुसून फेकून देऊ नये. घरातील जुन्या पावत्या आणि सायकलीसह काढलेली छायाचित्रे यांचीही गाठ याच पुराव्याशी घालावी.

गंज आणि वाक : आधी तपासणी, मग रंग

पावसाळी मुलखात फ्रेम बाहेरून कुजत नाही तेवढी आतून कुजते. बैठकीच्या नळीच्या चिरेतून पाणी आत शिरते आणि आसाच्या नळीपाशी साठते. त्यामुळे त्या नळीचा तळ आणि तेथे मिळणाऱ्या खालच्या नळ्यांची तोंडे प्रथम तपासावीत. विजेरीच्या उजेडात आत पाहावे, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहावे. पापुद्रे सुटत असतील आणि धातू दबत असेल, तर ती फ्रेम भिंतीवर शोभते, रस्त्यावर नको.

समोरून धडक बसलेल्या फ्रेमची खूण पुढच्या लगच्या लगेच मागे, खालच्या तिरक्या नळीच्या पोटाशी मिळते. तेथे बोट फिरविल्यास सुरकुती किंवा फुगवटा हाताला लागतो. चिमटा बाजूने पाहिल्यास तो मागे ढकललेला दिसतो.

फ्रेम सरळ आहे की नाही हे पाहण्यास एक सुतळी पुरते. मागच्या एका पट्टीला सुतळी बांधून ती पुढच्या उभ्या नळीला वळसा घालून दुसऱ्या पट्टीपर्यंत ताणावी. बैठकीच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचे अंतर मोजावे. ते समान आले तर मागचा भाग सरळ आहे. दोन-तीन मिलिमीटरहून अधिक फरक असल्यास जाणत्या कारागिराला दाखविल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अडकलेल्या बैठकीच्या दांडीशी कुस्ती खेळू नये. गंज सोडविणारे तेल सोडून दोन-चार दिवस वाट पाहणे हे नळी पिळवटण्यापेक्षा केव्हाही स्वस्त. वाळूच्या फवाऱ्याने रंग काढण्याचीही घाई नको. उथळ ठोकलेले क्रमांक, जुनी चिकटचित्रे आणि पातळ नळीचे पोलाद या तिन्हींचे त्यात नुकसान होते.

ओळखीनंतरचा निर्णय

ओळख पटली की कोणते भाग घ्यावेत हे आपोआप ठरते. देशी रोडस्टरच्या २८ गुणिले १½ इंच चाकाच्या रिमचा टायर बसण्याचा व्यास ६३५ मिलिमीटर, जुन्या रेसरच्या २७ इंची चाकाचा ६३० आणि आजच्या सर्वसाधारण रेसर चाकाचा ६२२ मिलिमीटर असतो. २७ इंची चाकाऐवजी आजचे चाक घातल्यास ब्रेकचे रबर ४ मिलिमीटर खाली पोहोचावे लागते. बहुतेक जुन्या ब्रेकमध्ये तेवढी सोय निघते. रोडस्टरच्या दांडीच्या ब्रेकचे रबर मात्र रिमच्या आतल्या अंगाला लागते. तेथे आजची सपाट बाजूची रिम चालत नाही. रिम बदलायची तर ब्रेकची संपूर्ण रचना बदलावी लागते, हे खर्चात आधीच धरावे.

पोलादी फ्रेमचा मागचा भाग १२० वरून १२६ मिलिमीटरपर्यंत सावकाश रुंदावता येतो. अ‍ॅल्युमिनिअमच्या फ्रेमला हा प्रयोग करू नये. लोहचुंबक चिकटतो की नाही, यावरून फरक कळतो.

फ्रेम दुर्मीळ निघाली आणि मूळ रंगाचा बराच भाग शाबूत असेल, तर नवा रंग देण्याऐवजी स्वच्छता आणि मेणाचा पातळ हात पुरेसा. फ्रेम साधी पण धडधाकट निघाली तर ती निःसंकोच रंगवून रोजच्या वापरात आणावी. तुलनेसाठी प्रत्यक्ष सायकली पाहायच्या असल्यास पुण्यात कर्वेनगर येथे विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धातील बीएसएची घडीची छत्रीधारी सैनिकांची सायकलही तेथील संग्रहात आहे. छायाचित्रांतून न कळणारे लगचे आकार आणि चिमट्यांची घडण तेथे डोळ्यांनी पडताळता येते.

कारागिराकडे जाण्यापूर्वी

एका कागदावर पुढील नोंदी कराव्यात :

१. फ्रेमवर ठोकलेले सर्व आकडे व अक्षरे, जागेसह.
२. आसाच्या नळीची रुंदी, आट्यांची संख्या आणि दिशा.
३. बैठकीच्या नळीचा आतील व बाहेरील व्यास.
४. मागील पट्ट्यांमधील अंतर. पट्टी पत्र्याची की घडीव.
५. सुट्या भागांवरील वर्षे.
६. लग, चिमट्याचा माथा आणि आसाची नळी यांची जवळून काढलेली छायाचित्रे, रंग काढण्यापूर्वीची.
७. सायकल कोणाकडून आली, पूर्वी कोठे वापरात होती. बिल्ला किंवा पावती असल्यास तिचा तपशील.

या कागदाला दीड-दोन तास लागतात आणि खर्च जवळपास नाही. सर्व नोंदी करूनही काही फ्रेमचे नाव निश्चित होत नाही. छोट्या कारागिरांनी बांधलेल्या व अनेकदा रंगविलेल्या फ्रेमबाबत हे साहजिक आहे. तरीही तिला कोणती वाटी बसेल, कोणते चाक चालेल आणि ती घाट उतरण्याजोगी आहे की नाही, एवढे या कागदावरून नक्की सांगता येते. सातवी नोंद मात्र लगेच करावी. मापे दहा वर्षांनीही घेता येतील. ती सायकल कोण चालवीत असे, हे सांगणारी माणसे तोवर असतीलच असे नाही.